क्लॅडिंग भार घेत नाही, मग त्याच्याकडून नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आरसीसी चौकटीची बहुमजली इमारत आहे, तिच्यावर बाहेरून क्लॅडिंग, म्हणजे चौकटीवर चढवलेलं आवरण: काही भागाला ग्रॅनाइट, काही भागाला एसीपी (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेलं पॅनेल) आणि पुढच्या बाजूला काचेचं ग्लेझिंग. पुरवठादारांनी दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये जाडी, शेड, कोटिंग आणि वॉरंटी आहे. कामगिरीबद्दल मात्र 'वॉटरटाइट आणि वाऱ्याला पुरेसं मजबूत' एवढीच ओळ. ती पुरेशी आहे का, आणि नसेल तर तिथे काय लिहायचं?

पुरेशी नाही. त्या ओळीवर पुढे भांडताही येणार नाही, कारण किती वारा, किती पाणी, किती वेळ आणि कोणी तपासायचं, यातलं काहीच तिच्यात नाही. पण आकडे घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. पुरवठादार पॅनेल विकतो. तुम्हाला हवी असते भिंत. मी पाहिलेल्या बिघडलेल्या दर्शनी भागांत पॅनेल स्वतः नापास झालंय असं फार कमी वेळा आढळलं. नापास होतो तो दोन पॅनेलमधला सांधा, पॅनेल आणि खिडकीची चौकट भेटते तो कोपरा, किंवा पॅनेलला स्लॅबशी जोडणारा धातूचा ब्रॅकेट. म्हणून कामगिरीच्या अटी सांध्याला आणि ब्रॅकेटला लागू होतील अशा लिहायच्या. पॅनेलची जाडी त्यातून आपोआप ठरते.

'भार घेत नाही' याचा अर्थही नीट पाहा. क्लॅडिंग स्लॅबचा भार घेत नाही, इतकंच. स्वतःचं वजन त्याला पेलावंच लागतं, आणि ३० मिमी ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास जातं. वारा आधी त्याच्यावर येतो आणि ब्रॅकेटमधून चौकटीकडे जातो. शिवाय चौकट हलली की तिच्याबरोबर न तुटता हलायचं, हे तिसरं काम.

हालचालीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते ती हीच. आरसीसीची चौकट दिसायला स्थिर असली तरी ती वर्षानुवर्षं हलत असते. भार आला की स्लॅब वाकतो. कॉलम भारामुळे, क्रीपमुळे (सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जाण्यामुळे) आणि सुकताना आकसल्यामुळे हळूहळू आखूड होत जातात. मजल्यामागे २-३ मिमी ही अगदी नेहमीची गोष्ट. मातीच्या विटेचं बरोबर उलटं. भट्टीतून निघाली की ती हवेतली ओल घेत कायमची थोडी वाढते. आता चौकट आखडतेय, तिच्यात घट्ट बसवलेला विटांचा थर वाढतोय आणि दोघांमध्ये फट नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या काळातल्या अशा इमारतींत स्लॅबची कड झाकायला चिकटवलेल्या विटांच्या पातळ चकत्या याच दाबाने सुटून पडल्या. यावर उपाय म्हणजे ठरावीक मजल्यांवर शेल्फ अँगल (विटांच्या थराला आधार देणारा स्टीलचा कोन) आणि त्याच्याखाली फोम भरून वरून सीलंट केलेला १२-१५ मिमीचा मऊ सांधा. गवंड्याला ती फट राहून गेलेली वाटते आणि तो इमानदारीने तिच्यात मसाला भरतो. त्यामुळे 'इथे मसाला भरू नये' हे वाक्य ड्रॉइंगवर त्याच जागी, मोठ्या अक्षरांत हवं.

तापमानाचा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर केलेला क्वचित दिसतो. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२४ मिमी वाढतं, स्टील आणि काँक्रीट साधारण त्याच्या निम्मं, काच त्याहूनही कमी. उन्हातलं गडद रंगाचं पॅनेल ७०-८० अंशांपर्यंत तापतं. पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात ६० अंशांचा फरक धरला तर ३.६ मीटरचा मुलियन (ग्लेझिंगच्या चौकटीचा उभा दांडा) ५ मिमीपेक्षा जास्त लांब-आखूड होतो, आणि ज्या चौकटीला तो बांधलाय ती आत सावलीत जवळपास जिथल्या तिथे असते. आता सांधा काढा. सीलंटची हालचालक्षमता अधिक-उणे २५ टक्के असेल तर ५ मिमी हालचालीला किमान २० मिमी रुंद सांधा लागतो. आर्किटेक्टला एलिव्हेशनवर (दर्शनी चित्रात) ८ मिमीची बारीक रेघ हवी असते. हे भांडण ड्रॉइंगवरच मिटवा. पॅनेल लहान करा, रंग फिका घ्या किंवा ५० टक्क्यांचं सीलंट वापरा. यातलं काहीच जमणार नसेल तर ती रेघ रुंद होईल. सीलंटची खोली साधारण रुंदीच्या निम्मी ठेवा, आणि मागे बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) असलाच पाहिजे. रॉड नसेल तर सीलंट मागच्या पृष्ठभागालाही चिकटतं, तीन बाजूंनी धरलं गेलं की त्याला ताणता येत नाही, आणि ते पहिल्याच वर्षी फाटतं.

सांधा ताठ ठेवण्याची किंमत किती मोठी असू शकते याचं जगजाहीर उदाहरण बोस्टनचा जॉन हॅनकॉक टॉवर. १९७३ च्या सुमारास त्याच्या दुहेरी काचा एकामागून एक फुटायला लागल्या आणि मोकळ्या जागी प्लायवुड ठोकावं लागलं. काच कमकुवत नव्हती. दोन काचांमधली शिशाची पट्टी काचेला इतकी घट्ट जोडलेली होती की वाऱ्याने आणि तापमानाने होणारी हालचाल तिथे शोषलीच जात नव्हती. तो ताण काचेत जात होता. शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या.

मजले एकमेकांच्या तुलनेत आडवे सरकतात तो विषय भूकंपाच्या भागात गंभीर होतो. मजल्याच्या उंचीच्या ०.४ टक्के ही मर्यादा धरली तर ३.५ मीटरच्या मजल्याला १४ मिमी. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तीन आकडे लेखी मागा: स्लॅबच्या कडेचं क्लॅडिंग लागल्यानंतरचं वाकणं, कॉलमचं आखडणं आणि मजल्यांमधलं सरकणं. हे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये नसतील तर ग्लेझिंगवाला सोयीचे धरतो आणि त्याचा हिशेब नेहमी पास होतो. पॅनेल एका मजल्यावरून टांगायचं, दुसऱ्या मजल्याला फक्त आतबाहेर धरायचं आणि तिथे वर-खाली, आजूबाजूला सरकू द्यायचं, हे तत्त्व जवळपास प्रत्येक सिस्टिमला लागू आहे. साइटवर त्याचा घात कसा होतो? सरकायच्या लांबट भोकातला बोल्ट 'पक्का' करायला वेल्डर वॉशरवर दोन टाके मारतो. पाहणीला जाल तेव्हा पॅनेलच्या रंगाकडे नंतर बघा, आधी ते टाके शोधा.

याच ब्रॅकेटला आणखी एक ओझं असतं: चौकटीची चूक झाकण्याचं. काँक्रीटची कड ड्रॉइंगपेक्षा २०-२५ मिमी इकडेतिकडे असणं नवल नाही. पॅनेलची माणसं २-३ मिमीत काम करतात. त्यामुळे तिन्ही दिशांना जुळवता येणारा ब्रॅकेट मागा, आणि ऑर्डर देण्यापूर्वी ओळंबा आणि लेव्हल घेऊन स्लॅबच्या कडा मोजून काढा. बाहेर आलेल्या स्लॅबला छिन्नी लावायची वेळ आली की अँकरचं (ब्रॅकेट काँक्रीटला धरणाऱ्या बोल्टचं) कडेपासूनचं अंतर बिघडतं आणि मग ब्रॅकेट सुबक असूनही अँकर काँक्रीटसकट उपटून येतो.

वाऱ्याबद्दल मी लवकर पुढे जातो, कारण त्यासाठी कोड असतात आणि बहुतेक लोक ते वापरतात. दाब काढायचं सूत्र म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग: ५० मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला १५०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. मात्र क्लॅडिंगला धोका आत दाबणाऱ्या वाऱ्यापेक्षा बाहेर ओढणाऱ्या सक्शनचा असतो, आणि इमारतीच्या कोपऱ्यांना व गच्चीच्या कडेला ते मधल्या भागाच्या दुप्पट होऊ शकतं. सगळ्या भिंतीला एकच ब्रॅकेट अंतर दिलेलं दिसलं की समजायचं, कोपऱ्याचा हिशेब केलेला नाही. मजबुतीबरोबर वाकण्याचीही मर्यादा लिहा. काचेच्या चौकटीला लांबीच्या १७५ व्या भागापर्यंत वाकणं चालतं. दगडाला ते चालत नाही, त्याच्या मागच्या सांगाड्याला बरीच कडक मर्यादा लागते.

आता पाणी. पाणी आत यायला तीन गोष्टी एकत्र लागतात: भिंतीवर पाणी, एखादी फट आणि पाण्याला त्या फटीतून ढकलणारं बळ. पाणी तर येणारच. फटी शून्यावर आणू असं म्हणणारा पुरवठादार भेटला तर त्याला काही वर्षांनी परत बोलवा. राहतं ते बळ, आणि त्याचे प्रकार मोजके आहेत. थेंबाचा वेग असतो, त्याला आडोसा करायचा. गुरुत्व असतं, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. पृष्ठताणाने पाणी खालच्या पृष्ठभागाला चिकटून आत सरकतं, त्याला ड्रिपची खाच तोडते. केशाकर्षण बारीक फटीत पाणी खेचतं, ते फट काही मिलिमीटर रुंद केली की थांबतं. उरतो हवेच्या दाबातला फरक, आणि उंच इमारतीत खरा खलनायक हाच.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधले जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये यावर मांडलेलं उत्तर आजही तितकंच लागू आहे. बाहेरचा थर पूर्ण बंद करायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या मागे पोकळी ठेवा, बाहेरच्या हवेला त्या पोकळीत येऊ द्या आणि हवा अडवण्याचं काम आतल्या थराला द्या. पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाण्याला ढकलणारं काही उरत नाही. बाहेरचा थर छत्रीसारखा पाऊस झेलतो (म्हणून या रचनेला रेनस्क्रीन म्हणतात), जे थोडं आत येईल ते मागच्या पाणीरोधक थरावरून खाली उतरतं आणि प्रत्येक मजल्याच्या फ्लॅशिंगवरून (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्टीवरून) बाहेर पडतं. यातली मेख अशी की आतला थर खरोखर हवाबंद हवा आणि इमारतीच्या कोपऱ्यावर पोकळी बंद केलेली हवी. कोपरा मोकळा ठेवलात तर समोरच्या बाजूने शिरलेली हवा पोकळीतून वळून बाजूच्या सक्शनकडे पळते, दाब कधीच सारखा होत नाही, आणि नाव रेनस्क्रीन असूनही भिंत गळते.

याच्या उलट पद्धत म्हणजे सगळा भरवसा बाहेरच्या सीलंटच्या एका रेघेवर. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर १९८० नंतर लाकडी चौकटीच्या हजारो घरांवर मागे पोकळी न ठेवता थेट गिलावा आणि तत्सम आवरणं चढवली गेली. पाणी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून आत गेलं, आत गेलेलं सुकायला वाट नव्हती, आणि भिंती आतून कुजल्या. तिथल्या सरकारने १९९८ मध्ये त्यासाठी चौकशी आयोग नेमला. न्यूझीलंडमध्येही त्याच सुमारास तीच कहाणी घडली. चूक सीलंटच्या ब्रँडची नव्हती. पहिली फळी फुटली तर दुसरी काय करेल, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे वाक्य घाला: सीलंटची रेघ फाटली आहे असं धरून पाणी कुठून बाहेर जाईल, ते प्रत्येक तपशिलात बाणाने दाखवा. बाण काढता आला नाही तर तो तपशील नामंजूर.

एक छोटा हिशेब खिशात ठेवा. १० पास्कल म्हणजे साधारण १ मिमी पाण्याची उंची. पाण्याची चाचणी सहसा डिझाइन वाऱ्याच्या १५ ते २० टक्के दाबाला घेतात. १५०० पास्कलच्या २० टक्के म्हणजे ३००, म्हणजे ३० मिमी पाणी. खिडकीच्या खालच्या चौकटीचा आतला काठ २५ मिमी उंच असेल तर ती खिडकी चाचणीत गळणार, हे आधीच कळलं. अशी चाचणी कोणी सुचवली की दाब आणि काठाची उंची शेजारी शेजारी लिहून बघा.

हवा आणि बाष्प यांत लोक बाष्परोधक कागदाची चिंता फार करतात आणि भोकांची फार कमी. कागदातून झिरपणाऱ्या बाष्पापेक्षा फटीतून वाहणारी हवा कित्येक पट ओल आत नेते. म्हणून हवागळतीला आकडा द्या. काचेच्या पडद्याला, म्हणजे काचेच्या दर्शनी भिंतीला, ७५ पास्कल दाबाला चौरस मीटरमागे सेकंदाला ०.३ लिटर हा रुळलेला आकडा आहे. बाष्परोधक थर कुठल्या बाजूला, याचं उत्तर हवामानावर आहे, आणि थंड प्रदेशातला तपशील जसाच्या तसा उचलून दमट-उष्ण ठिकाणी वापरणं हा या धंद्यातला जुना रोग. थंडीत आतली २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सोडते, म्हणून तिथे थर आतल्या, उबदार बाजूला. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २८ अंशांवर जातो, आणि आत एसी २४ वर चालू असतो. तेव्हा पाणी बाहेरून आत येणाऱ्या हवेतून सुटतं, आतल्या व्हिनाइल वॉलपेपरच्या मागे साचतं आणि बुरशी धरते. अशी भिंत पावसाने गळतेय असं समजून वर्षानुवर्षं बाहेरून सीलंट मारत बसलेले लोक मी पाहिलेत.

उष्णतेचं एवढंच: इन्सुलेशनची जाडी लिहून थांबू नका. अॅल्युमिनियम रॉकवूलच्या (दगडाच्या तंतूंच्या इन्सुलेशनच्या) साधारण ५००० पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे इन्सुलेशन भेदून जाणारा प्रत्येक ब्रॅकेट त्याचा फायदा खातो. यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा) ब्रॅकेट धरून काढलेली मागा. ब्रॅकेटमागे प्लास्टिकची पॅड किंवा स्टेनलेस स्टीलचा ब्रॅकेट हे स्वस्तातले उपाय.

आगीच्या बाबतीत तडजोड नको, आणि इथेच वर सांगितलेल्या मागण्या एकमेकींच्या अंगावर येतात. पावसासाठी आपण पोकळी मोकळी, हवेशीर ठेवली. आगीसाठी तीच पोकळी धुराडं ठरते. एसीपीचा गाभा शुद्ध पॉलिइथिलिनचा असेल तर किलोमागे तो जवळजवळ पेट्रोलइतकी उष्णता देतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली आग अशाच पॅनेलमध्ये गेली, बाहेरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. तिथे पॅनेलच्या मागे जळणारं इन्सुलेशन होतं, आणि पोकळीत आग अडवणारे अडसर कुठे चुकीचे बसवलेले, कुठे नव्हतेच. इंग्लंडमध्ये २०१८ च्या अखेरीस १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील सामग्रीवर बंदी आली.

यातून तुमच्या कागदासाठी तीन अटी निघतात. पहिली, गाभा आणि इन्सुलेशन अज्वलनशील. 'एफआर' (ज्वालारोधी) असा शिक्का पुरेसा नाही, गाभ्याची उष्णता किलोमागे किती मेगाज्यूल ते विचारा. दुसरी, चाचणीचं प्रमाणपत्र पॅनेलच्या तुकड्याचं नको, पॅनेल, इन्सुलेशन, पोकळी, अडसर आणि ब्रॅकेट मिळून झालेल्या पूर्ण रचनेचं हवं, आणि साइटवर तीच रचना हवी. तिसरी, स्लॅबची कड आणि काचेचा पडदा यांमधली फट प्रत्येक मजल्यावर दाबून बसवलेल्या रॉकवूलने आणि वरून धूररोधक लेपाने बंद. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून ते रॉकवूल धरणारा आधार स्टीलचा. हवेशीर पोकळीसाठी एरवी उघडे राहून तापल्यावर फुगून बंद होणारे अडसर मिळतात. पावसाची आणि आगीची मागणी एकत्र बसते ती त्यांच्यामुळेच. मात्र ते बसवल्यावर झाकले जातात. पॅनेल चढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या, नाहीतर पुढे फक्त तोंडी शपथ उरते.

आवाजासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो. वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल मिळतात आणि एक उघडी फट ते सगळे घालवते. धक्का सोसण्याची अट तळमजल्याच्या माणसाच्या उंचीपर्यंतच्या भागाला वेगळी लिहा; तिथे ट्रॉली, सायकली, शिड्या लागतात.

टिकाऊपणात एकच प्रश्न विचारा: कोणता भाग किती वर्षांनी बदलायचा, आणि तो बदलताना काय काय उघडावं लागेल? सीलंट १५-२० वर्षांचं, पॅनेल ४०-५० चं. मागचा ब्रॅकेट आणि अँकर कधीच दिसत नाहीत, म्हणून ते सगळ्यात जास्त टिकले पाहिजेत. खाऱ्या हवेत ते ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या, आणि अॅल्युमिनियमला स्टील जिथे टेकतं तिथे मध्ये पॅड, नाहीतर अॅल्युमिनियम गंजून झिजतं. दगडाला कायमस्वरूपी समजू नका. शिकागोच्या अमोको टॉवरवर १९७३ मध्ये साधारण ३२ मिमी जाडीचा कॅरारा संगमरवर लावला होता. ऊन-थंडीच्या चक्रांत तो हळूहळू वाकला, त्याची ताकद घटली, आणि १९९०-९२ मध्ये सगळा काढून जाड ग्रॅनाइट बसवावा लागला. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलने संगमरवर वाकल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा कॅरारा संगमरवरच लावला, आणि तोही वाकला. संगमरवर हवाच असेल तर तापमानाच्या चक्रांनंतरची ताकद मोजलेला अहवाल मागा. खाणीतून निघालेल्या ताज्या तुकड्याचा आकडा उपयोगाचा नाही.

शेवटी तपासणी. पूर्ण आकाराचा नमुना उभा करून चाचणी घ्या. त्यात एक कोपरा, एक खिडकी, एक मजल्याचा सांधा आणि दोन वेगळ्या सिस्टिम जिथे भेटतात ती जागा हवीच. तुमच्याकडे ग्रॅनाइट, एसीपी आणि काच तीन वेगळ्या ठेकेदारांची आहे, म्हणजे गळती त्या भेटीच्या जागी होणार आणि तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तो सांधा कोणाचा, हे नाव घालून लिहा. चाचणीचा क्रम असा ठेवा: हवागळती, पाणी, वारा, पुन्हा पाणी, मजला सरकवणं आणि पुन्हा पाणी. फवारा चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर, किमान १५ मिनिटं. सरकवल्यानंतरचं पाणी हीच खरी परीक्षा, आणि पैसे वाचवायला आधी तीच गाळतात. नमुना जी टोळी साइटवर काम करणार आहे तिनेच बांधायचा. लॅबमधल्या तरबेज माणसांनी बांधलेला नमुना तुमच्या भिंतीबद्दल काहीच सांगत नाही. मग प्रत्यक्ष भिंतीवर, पहिले दोन मजले झाले की आतलं फिनिशिंग सुरू होण्याआधी सांध्यांवर नळीने पाणी मारून बघा. त्या वेळी गळालं तर दुरुस्ती तीन ब्रॅकेटची असते, आणि पुढचे मजले त्याच दिवशी थांबवता येतात.